माझ्या ट्यूबातल्या भाडेकरणी

तीस वर्षं मी ऑस्ट्रियातल्या आमच्या टिरोलमधल्या गावच्या बँडात ट्यूबा वाजवतोय, आणि सराव नावाचा रोग मला एकदाही जडलेला नाही! नाताळ संपला की ते रांजणाएवढं पितळी धूड गोठ्यातल्या खुंटीवर, ते थेट जूनमधल्या जत्रेच्या पहाटे खाली.

यंदा मात्र बँडमास्तर हास्लवांटर आदल्या दिवशीच गुरगुरला, "कॉर्बिनियन, उद्या एक जरी सूर चुकला, तर ट्यूबा काढून घेईन अन् हातात झेंडा देईन!"

झेंडा! आमच्याकडे झेंडा दात पडलेल्यांना देतात हो!

पहाटे ट्यूबा खांद्यावर टाकून चौकात पोचलो. वाटभर कानात घूंऽऽ घूंऽऽ. म्हटलं, कालची बिअर बोलतेय. तेवढ्यात ट्यूबाच्या कर्ण्यातून एक लठ्ठ, केसाळ भुंगा निघाला आणि थेट माझ्या नाकावर बसला!

शेजारी क्लॅरिनेट घेऊन आमची बायको बुर्गल. तिने आत डोकावलं.

"हात्तिच्या! हिवाळ्यात उंदराने आत गवताचं घरटं केलं, अन् वसंतात भुंग्यांच्या राणीने ते बळकावलं. शंभरेक तरी पोरी असतील!"

"फुंकून उडवतो सगळ्यांना!"

"खुळा आहेस का? माणसाच्या श्वासाची त्यांना भयंकर चीड! अन् यांची नांगी मधमाशीसारखी तुटून पडत नाही. एकेक जण दहादा डसेल!"

"मग ही गुणगुण कसली?"

"एक जण दारात उभी राहून पंख हलवतेय. घरात हवा खेळायला. तुला कुठलं कळायला, घरात कुणी काम करतं ते!"

"एक, दोन!" बँडमास्तर ओरडला.

काय करणार! गाल फुगवले, डोळे वटारले, बोटं नाचवली. श्वास मात्र गुपचूप नाकाने, तोही त्या दारातल्या बयेला लागणार नाही असा! इतक्यात डोंगराआडून ऊन आलं, पितळ तव्यासारखं तापलं, आणि आतल्या झाडून साऱ्याजणी पंख्याला लागल्या. असा खर्ज उठला, की पाद्रीबाबांच्या खिडक्या थरथरल्या आणि तीन गाईंनी वेळेआधीच पान्हा सोडला!

वाजवणं संपलं. हास्लवांटर डोळे पुसत आला.

"गड्या, तीस वर्षांत आज पहिल्यांदा तुझा सूर लागला! खरं सांग, सराव केलास ना?"

"थोडासा," मी म्हणालो. बुर्गलला ठसका लागला.

ट्यूबा वाचला! पण शरदात राणी मेली, पोरी संपल्या, नव्या राण्या मातीत झोपायला गेल्या. ट्यूबा पुन्हा त्याच खुंटीवर आहे. आणि कुणाला सांगू नका, रोज संध्याकाळी मी त्यात चीजचा तुकडा टाकतो.

पण तो लेकाचा उंदीर काही अजून फिरकलेला नाही!