आमचा बसू लांडगा निघाला

थापा मारण्यात अख्ख्या सोलापुरात माझा हात कोणी धरणार नाही. उगाच सांगत नाही! मोबाईलच्या अ‍ॅपवर माझी लांडगेमाणसांची मालिका चालते. पौर्णिमा आली की माझ्या नायकांच्या अंगावर केस उगवतात. आपल्याकडच्या उन्हात अंगभर केस म्हणजे गोधडी पांघरून भट्टीपुढे बसणं. पण वाचक विश्वास ठेवतात! मालिकेतले दोन लांडगे एकमेकांवर जीव टाकतात, आणि घरच्यांनी हाकललेल्यांचा एक कळप करून सगळे एकाच परातीत जेवतात.

हा कळप सुचला वरच्या खोलीवरून. बसवराज आणि यशपाल माझे भाडेकरू. बसू सरकारी नोकरीत, यशपाल लॅबमध्ये रक्त तपासतो. जगासाठी दोघे रूममेट. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना. मी एकटी बाई, मागेपुढे कोणी नाही. तिघं मिळून जेवतो. एकाला ताप आला तर तिघांची झोप उडते. याला घर नाही तर काय म्हणायचं?

तर परवा बसू जिना उतरून आला, तोंड एवढंसं करून.

"मुक्ताकाकू, अव्वा उद्या येतीय. अक्कलकोटचं स्थळ आलंय. होकार घेऊनच जाणार म्हणती. नाही म्हणवत नाही, खरं सांगवत नाही."

मागे यशपाल. नुसता शर्टाचं बटण फिरवत होता.

"माझ्यावर सोडा!" मी म्हटलं. "एक स्थळ मोडायचं म्हणजे काय! अशी थाप मारते की..."

"काकू, साधीच मारा हं," यशपाल म्हणाला.

बसूची लांब बदली होणार, असं सांगायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पोरं कामावर गेली आणि बसूच्या आई, गौरम्मा आल्या. चहासुद्धा न घेता थेट वरच्या खोलीत! मी धापा टाकत मागे.

"अक्का, दोघं ऱ्हात्यात न्हवं? मग हितं येकच पलंग?"

बदलीबिदली सगळं डोक्यातून साफ उडालं.

"बसू खाली झोपतो."

"का?"

"पलंग त्याला पुरत नाही."

"का?"

त्यांचा 'का' म्हणजे पोलिसाचा दांडका हो!

"पौर्णिमेला तो वाढतो!" मी म्हणून बसले. "केस येतात. नखं येतात. शेपटीचं नक्की सांगत नाही. लांडगा होतो, गौरम्मा! कसं लग्न करायचं अशा पोराचं?"

वाटलं, हसतील. त्या पलंगावर धपकन बसल्या.

"त्येचा आज्जा बी लई केसाळ हुता," त्या पुटपुटल्या. मग दचकून, "अय्यो! आमी लिंगायत, अक्का! पोरगं मटन खातंय काय?"

"छे छे! शाकाहारी लांडगा. कडक भाकरी, शेंगाचटणी, बास!"

दुपारपर्यंत चौकटीला विभूती लागली. गौरम्मा मधूनच डोळे पुसत, मधूनच विचारत, "अंगाला उवा व्हत न्हाईत न्हवं त्येच्या?" खरं सांगू? मला माझ्या थापेचा अभिमानच वाटायला लागला होता.

संध्याकाळी आधी यशपाल आला. त्याला काही सांगायच्या आत गौरम्मांनी त्याचा हात धरला.

"बाळा, मला समदं कळलंय."

यशपाल पांढराफटक पडला.

"अशा पोरासंगट ऱ्हातोस. भ्या न्हाय वाटत?"

मी मागून हात हलवत होते, डोळे मोठे करत होते. तो बघतोय कुठे!

"नाही, अव्वा," तो खाली मान घालून म्हणाला. "मला त्याच्याशिवाय करमत नाही. जन्मभर सांभाळीन."

"रातीला चावत न्हाय न्हवं?"

यशपाल शेंगाचटणीसारखा लाल झाला. नेमका तेव्हा बसू दारात! त्याने विभूती बघितली, यशपालचं तोंड बघितलं आणि चपलेसकट आत येऊन आईपुढे बसला.

"अव्वा, यशपालला काय बोलू नको. माझं त्याच्यावर प्रेम हाय. मला लग्न नको, ह्यो पायजे."

गौरम्मांनी पदर तोंडाला लावला. मी मनातल्या मनात दोन्ही पोरांच्या बॅगा भरल्या, माझीही भरली.

"म्हंजी," त्या शेवटी म्हणाल्या, "तू लांडगा न्हाईस?"

"लांडगा?" दोघं एकदमच.

"सकाळधरनं जीव टांगलाय माझा! ह्येला कुटं बांधू, काय घालू, आंघूळ कशी घालू! लांडगा पोसायची तयारी केलती की रं मी. आता मानूस निघालास तर टाकून दिऊ?" बसू रडायलाच लागला. त्याच्या पाठीवर एक धपाटा घालून त्या यशपालकडे वळल्या. "तू जेवलास का? किती वाळलाईस."

आम्ही चौघं जेवायला बसलो. पहिला घास तोंडात, तोच गौरम्मांचा हात थांबला.

"अय्यो! दुपारीच मुलीच्या बापाला फोन करून सांगितलं की मी."

"काय सांगितलं?"

"पोरगा लांडगा हाय म्हणून."

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचे वडील, सिद्धलिंगप्पा. गौरम्मांनी स्पीकर लावला.

"गौरम्मा, घरात समद्यांनी इचार केला. लांडगा तर लांडगा. नोकरी पर्मनंट हाय न्हवं?"

गौरम्मांनी फोन माझ्या हातात कोंबला. "तुमीच निस्तरा, अक्का!" तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी घसा खाकरला, डोळे मिटले, डोकं लढवलं आणि म्हणाले,

"राँग नंबर!"