ह.भ.प. यंत्रराज महाराज

रामजन्माचा अचूक क्षण अख्ख्या कोल्हापुरात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो माणूस म्हणजे मी! हसू नका. बत्तीस वर्षं कागलच्या एमआयडीसीत लेथवर काढलीत. केसाएवढी चूक झाली तरी मला जेवण जात नसे. रिटायर झाल्यावर अशा माणसानं करायचं काय? सकाळी देवदर्शन, संध्याकाळी कुठं ना कुठं कीर्तन. (बुवांनी नुसता घसा खाकरला तरी माझे डोळे भरून येतात!) आणि मधल्या रिकाम्या दुपारी मी पितळेचा पत्रा कापून, घासून एक यंत्र बनवलं.

जेवणाच्या ताटलीएवढी गोल थाळी. वर अंगठ्यात अडकवायला कडी, काठावर अंशांच्या रेघा, पाठीवर फिरणारी पट्टी. पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन उभे कान आणि कानांना बारीक भोकं. थाळी लोंबती सोडायची, पट्टी फिरवायची, वरच्या भोकातला उजेड खालच्या भोकावर पडला की सूर्य किती अंश वर आलाय ते काठावर वाचायचं. त्यावरून वेळ काढा, ताऱ्यांच्या जागा काढा, भर समुद्रात आपण कुठवर आलोय तेही काढा! इंग्रजीत ॲस्ट्रोलेब. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी मात्र त्याला असं नाव दिलं की ऐकताच हात जोडावेत. यंत्रराज!

त्या नावानंच घोटाळा केला.

झालं असं की आमची सूनबाई अनुजा चार वर्षं कीर्तन शिकली, आणि रामनवमीला राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीच्या मंदिरात तिचं पहिलं कीर्तन ठरलं. मंदिराचे अध्यक्ष हंबीरराव. कुजबुजले तरी चौथ्या गल्लीत ऐकू जातं. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "गणपतराव, कीर्तन रंगलं तर अख्ख्या श्रावणाची सेवा पोरीला. न्हाय रंगलं तर बाहेरचं बुवा बघून ठेवल्यात. मग रुसायचं न्हाय!"

आता सासऱ्यानं गप्प बसावं की नाही? पण मला वाटलं, पोरीच्या कीर्तनाला आपलाही हातभार लागावा.

"हंबीरराव," मी म्हटलं, "जन्म माध्यान्हीचा. माध्यान्ह म्हणजे सूर्य डोक्यावर. आपलं घड्याळ चालतं तिकडं अलाहाबादच्या बाजूच्या रेषेवर. कोल्हापूरच्या डोक्यावर सूर्य यायला त्या दिवशी बारा पस्तीस होतात!"

हंबीररावांचा चहा बशीत सांडला. "म्हंजे आजवर आम्ही रामाला अर्धा तास आधीच जल्माला घातला व्हय?"

"व्हय."

"आणि पलीकडच्या गल्लीतली?"

"तीबी!"

ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "मग ठरलं! खरा जल्म आपल्याकडंच. मुहूर्त कोण सांगणार?"

"यंत्रराज सांगतील!" मी छाती काढून म्हणालो.

सांगतील! आदरानं बोलायची सवय नडते ती अशी. शेजारी मंडपवाला केरबा उभा होता. फ्लेक्सचं कामही त्याच्याकडंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाला दहा फुटी फ्लेक्स: 'श्रीरामजन्म सोहळा. कीर्तन: सौ. अनुजाताई. मुहूर्त: ह.भ.प. यंत्रराज महाराज!' महाराजांचा फोटो न मिळाल्यामुळं त्या जागी केरबानं कमळ टाकलं होतं.

"केरबा, अरे, यंत्रराज म्हणजे पितळेचं यंत्र!"

"मला काय ठावं? आमच्या गल्लीत यशराज हाय, पृथ्वीराज हाय. मला वाटलं, ह्यो थोरला असंल!"

फ्लेक्स उतरवायला माणूस नव्हता. रामनवमीला मंदिरात मुंगी शिरायला जागा नाही! निम्मी गर्दी रामासाठी, निम्मी महाराजांसाठी. गडहिंग्लजहून लेकीकडं आलेले भीमाप्पा आणि त्यांची बायको गंगव्वा तर हार घेऊन पहिल्या रांगेत.

"पावणं, महाराज कवा येणार?" भीमाप्पांनी मला विचारलं.

"आलेत की," मी थाळी दाखवली. "हेच यंत्रराज."

मला वाटलं, दोघं हसतील. पण गंगव्वांनी डोळे मिटून हात जोडले. "अय्यो शिवा! केवढं तेज!" आणि मी नको नको म्हणेपर्यंत थाळीला हार, थाळीवर हळद, आणि त्या दोन उभ्या कानांवर बोटभर कुंकू! त्यांना वाटलं, देवाचेच कान. मागून बायकांची रांग लागली. एकीनं तर साखर ठेवली!

इकडं अनुजाचं कीर्तन सुरू झालेलं. काय आवाज लागला होता पोरीचा! मी सगळं विसरून डुलत होतो. तेवढ्यात बाराचा ठोका पडला. पलीकडच्या गल्लीत घंटा, फटाके, जयजयकार! आमच्याकडं अनुजा अयोध्येच्या वेशीवरच. ठरल्याप्रमाणं मी यंत्रराजांना घेऊन अंगणात उन्हात उभा राहिलो. मी हात वर केला की केरबा घंटा वाजवणार आणि पाळणा हलणार.

थाळी लोंबती सोडली. पट्टी फिरवली. उजेड पडेना! भोकं कुंकवानं बुजलेली! खिशात शोधलं, काडी नाही. शेवटी हंबीररावांच्या बायकोकडून सेफ्टी पिन आणून भोकं कोरत बसलो.

आत अनुजानं कौसल्येच्या महालात आणून सगळ्यांना बसवलं. दाराकडं बघितलं. मी मान हलवली, थांब! तिनं दासी बोलावल्या, सुईणी बोलावल्या, महालात रांगोळ्या काढल्या. परत बघितलं. थांब! दशरथानं येरझारा घातल्या. एकदा, दोनदा, पाच वेळा!

"आगं, बाई अडली की काय?" मागून एक म्हातारी ओरडली.

"दवाखान्यात न्या म्हणावं!" दुसरी.

खसखस पिकली. हंबीरराव घड्याळ बघत माझ्याकडं आले. "गणपतराव, लोक उठाय लागल्यात. पोरीचा श्रावण हातचा चालला बघा!"

मी घाईनं पुन्हा थाळी लोंबती धरली. भोकं मोकळी झाली होती, उजेड पडला होता, पट्टी एकोणऐंशीवर. पण एक गोष्ट मी घरी लक्षातच घेतली नव्हती. माध्यान्हीच्या आसपास सूर्य चढतो की उतरतो तेच कळत नाही! पट्टी एकोणऐंशीच्या पुढं जरा सरकली आणि ऐंशीजवळ म्हशीसारखी बसली. हलेचना! बारा वीस झाले, ऐंशी. पुन्हा बघितलं, ऐंशी!

तेवढ्यात आतून अनुजाचा आवाज आला, एकदम शांत.

"मायबाप, आमचे मामा बाहेर उन्हात का उभे आहेत, माहीत आहे? त्यांच्या हातात एक थाळी आहे. असलीच थाळी घेऊन पूर्वी नावाडी समुद्रात जायचा. चारी बाजूंना पाणी. ना वाट, ना खूण, ना विचारायला माणूस. अशा वेळी तो डोलत्या नावेवर थाळी लोंबती धरायचा आणि वर बघायचा. ध्रुव एवढा वर, म्हणजे मी इथवर आलो! पाण्यावर खूण नसते, मायबाप. ती वर शोधायची आणि हात स्थिर ठेवायचा. नाम घेणं याहून वेगळं काय आहे?"

उठलेली माणसं खाली बसली. मघाची ती म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली. दोन महिने जेवताना मी पोरीचं डोकं खात होतो, तेव्हा ती भाकरी वाढता वाढता सगळं ऐकत होती तर! माझे डोळे असे भरले की मला अंशही दिसेनात, रेघाही दिसेनात.

आणि ऐन त्या क्षणी, चैत्राच्या उन्हात अर्धा तास तापलेली पितळी कडी माझ्या अंगठ्याला चर्रकन भाजली!

"अरे राऽऽम!" मी बोंबललो आणि हात झटकून वर केला.

केरबानं घंटा ठोकली! फुलं उधळली, पाळणा हलला, बायकांनी गाणं धरलं, हंबीररावांनी सुंठवडा वाटायला घेतला. घड्याळात बारा सत्तावीस! ना अलाहाबादचा मुहूर्त, ना कोल्हापूरचा. तो माझ्या अंगठ्याचा मुहूर्त! पण रामराया असा गोड हसत होता की मी कुणाला काही बोललो नाही.

प्रसाद घेताना भीमाप्पा म्हणाले, "महाराजांनी आरोळी कशी दिली, ऐकलासा न्हवं? अंगावर काटा आला!" गंगव्वांनी मात्र अनुजाची दृष्ट काढली आणि तिला गडहिंग्लजचं आमंत्रण देऊन टाकलं.

हंबीरराव हसत हसत आले. "श्रावणाची सेवा अनुजाची! महिनाभर! पण एक अट हाय. गणपतराव पोरीच्या मागं टाळ धरून उभं ऱ्हाणार. दोन्ही हातांत टाळ. एकबी हात मोकळा दिसता कामा नये!"

"मान्य हंबीरराव, मान्य!" सूनबाई माझ्याआधी म्हणाली.

मलाही मान्य. कीर्तनात याहून चांगली जागा कुठली? तेव्हा रोज सकाळी अंगठ्याला तूप लावतोय. श्रावणाला अजून चार महिने आहेत, फोड बसेल तोवर. पण तालीम सुरू झालीय, आणि टाळाची दोरी नेमकी त्याच अंगठ्यावर येते हो!