रविवारचा मेकॅनिक

खटपटेरावांनी त्या रविवारी सकाळी फक्त ‘हो’ म्हटलं. तेही तोंडाने नाही, माऊसने. आईच्या कॉम्प्युटरवर एका कोपऱ्यात छोटीशी चौकट उगवली होती आणि ती अत्यंत अदबीने विचारत होती, ‘नवे अपडेट्स आले आहेत. आत्ता टाकायचे का?’ खटपटेरावांना घरात किंवा ऑफिसात इतक्या अदबीने कुणी काही विचारत नाही. (बायको विचारते, पण निर्णय होऊन गेल्यावर.) त्यामुळे ते विरघळले आणि त्यांनी ‘हो’ दाबलं. इथवर त्यांचा काही दोष नव्हता असं ते अजूनही म्हणतात.

खटपटेराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या आवक-जावक विभागात ते टपालावर शिक्के मारायचे, आणि शिक्का नीट उमटत असला तरी शिक्क्याचं मशीन उघडून बघायचे. त्यावरून ऑफिसने हे नाव ठेवलं, आणि पुढे ते घरापर्यंत पोचलं. आईचा कॉम्प्युटरही ऑफिसचाच, भंगारात निघालेला. इतक्या म्हाताऱ्या यंत्रावर विकतची सिस्टिम चालेना, म्हणून खटपटेरावांनी त्यावर लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली आणि फुकट वाटलेली सिस्टिम. तिला मालक नाही. त्यामुळे बिघडली तर भांडायलाही कुणी नाही.

आणि भांडण्यासारखीच वेळ आली. अपडेट्स उतरले, कॉम्प्युटर बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आणि स्क्रीन काळाठिक्कर पडला. वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

दुसऱ्या कुणाच्या घरी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण इथे आई होती. आईने उभा जन्म टायपिंगचा क्लास चालवला. आसपासच्या निम्म्या कारकुनांची बोटं तिने सरळ केलेली. आता तिला विसरायला होत होतं. आधी चष्मा विसरायची, मग रस्ते विसरायला लागली, मग आपला मुलगा विसरली. म्हणजे आपल्याला मुलगा आहे हे पक्कं लक्षात होतं, पण तो कॉलेजात जाणारा, किडकिडीत. हा केस पिकलेला, घरभर फिरणारा गृहस्थ कोण, हे तिला उमगत नसे. सून तिच्या लक्षात राहिली होती, कारण औषधं सून देई. (सून दवाखान्यातही लोकांना औषधंच देते. तिला लोक विसरत नाहीत.) खटपटेराव काही बोलले की आई सभ्यपणे मान हलवी आणि तोंड फिरवी. तिने त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं. याचं त्यांना फार दुःख होई. माणूस गेलं की रडता तरी येतं. माणूस समोर बसून पत्ते लावतंय, मग रडायचं कुणापुढे?

कारण पत्ते आईला येत होते. कॉम्प्युटरवरचा तो एकट्याने खेळायचा डाव. हिरव्या पटावर लाल नव्वी काळ्या दश्शीवर ठेवायची, राजा रिकाम्या जागी न्यायचा. त्या वेळी तिचा चेहरा पूर्वीसारखा दिसे. दिवसभरात तिला तेवढाच एक आसरा उरला होता, आणि खटपटेरावांनी तो ‘हो’ म्हणून घालवला.

“पत्ते कुठे गेले?” आईने विचारलं.

“येतील हं आई,” सून म्हणाली.

आई माऊसवर हात ठेवून काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिली. जेवायला हाक मारली तरी उठली नाही. “पत्ते आले की येते,” म्हणाली. शेवटी सुनेने हाताला धरून तिला आत नेऊन निजवलं.

खटपटेराव कामाला लागले. त्यांनी मोबाईल काढला आणि लिनक्सवाल्यांच्या मदतीच्या पानावर आपलं गाऱ्हाणं घातलं. तिथे एकाने ‘आधी नोंदी वाचा’ असं सांगितलं. दुसऱ्याने हा प्रश्न पूर्वीच विचारून झालाय म्हणून झापलं. तिसऱ्याला हुबेहूब हाच त्रास झाला होता, आणि खाली त्याने स्वतःच लिहिलं होतं, ‘सुटला प्रॉब्लेम, धन्यवाद!’ कसा सुटला ते न सांगता गडी पसार. खटपटेरावांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चौथा भला निघाला. त्याने सांगितलेल्या तीन कळा एकदम दाबल्यावर काळ्या स्क्रीनने पासवर्ड मागितला. खटपटेरावांनी टाइप केला. काहीच उमटेना. पुन्हा केला, जोरात केला, कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटाचा बराच चुरा पडला, पण अक्षर पडेना.

“कीबोर्ड मेला,” त्यांनी जाहीर केलं, आणि बाजारात जाऊन नवा आणला. त्यावरही काही उमटेना.

“अहो,” बायको दारातून म्हणाली, “पैसे काढायच्या मशीनवर तरी पिन कुठे दिसतो?”

“तिथे निदान चांदण्या दिसतात.”

“ही फुकटची सिस्टिम. चांदण्या परवडत नसतील त्यांना. एंटर दाबा बघू.”

त्यांनी एंटर दाबलं आणि सिस्टिमने मुकाट्याने आत घेतलं. तिची रीतच तशी होती, पासवर्ड लिहिताना काही दाखवायचंच नाही. (नवा कीबोर्ड दुकानदाराने परत घेतला नाही.)

आता कळलं की स्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनला हाकणारा प्रोग्राम, अपडेटमध्ये बिनसला आहे. तो नवा उतरवायला इंटरनेट हवं. पण इंटरनेट चालेना, कारण वाय-फायचा ड्रायव्हरही त्याच धक्क्याने गेला होता. आणि वाय-फायचा ड्रायव्हर मिळणार कुठे? तर इंटरनेटवर. बादली विहिरीत पडावी आणि ती काढायचा दोर बादलीतच असावा, तसलं हे त्रांगडं होतं.

अशा वेळी असे पुरुष शेवटी जे करतात तेच खटपटेरावांनी केलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि कॉम्प्युटरचा डबा उघडला. (बिघाड सॉफ्टवेअरचा आहे हे त्यांना माहीत होतं. पण सॉफ्टवेअरला स्क्रू नसतात, आणि हातांना काहीतरी काम हवं होतं.) गुडघे टेकून, नाकाला धूळ लावून ते त्या डब्यात डोकावत असताना मागून आवाज आला.

“कोण तुम्ही?”

हा प्रश्न त्यांना घरात पूर्वी कितीदा तरी विचारून झाला होता. “मी, आई, मी!” असं ते दर वेळी सांगत, आणि दर वेळी आईच्या डोळ्यांत भीती येई. या खेपेला त्यांना ते धैर्य झालं नाही.

“कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलोय,” ते म्हणाले.

आईचा चेहरा खुलला. “अस्सं! बरं झालं बाई. माझ्या मुलाने पाठवलं असेल.”

“हो. त्यांनीच.”

“तो स्वतः नाही ना हात घालणार यात?”

“नाही.”

“मग होईल दुरुस्त,” आई म्हणाली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

ती जी बोलायला लागली ती थांबेचना. क्लासमधल्या मशीनची कुठली कळ अडकायची, परीक्षेच्या दिवशी पोरींची बोटं कशी गार पडायची, सगळं. मधेच खटपटेराव पुन्हा कीबोर्डकडे वळले आणि तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं.

“दोन बोटांनी टाइप करता? कॉम्प्युटरवाले म्हणवता आणि दोन बोटांनी?”

“शिकायचं राहून गेलं.”

“मधल्या ओळीवर ठेवा बोटं. मनगट उचला. खाली नाही बघायचं, समोर बघा!”

आणि तिने त्यांची बोटं आपल्या हाताने एकेका कळीवर नेऊन ठेवली. आईचा हात आपणहून आपल्या हाताला लागल्याला किती दिवस झाले, ते खटपटेरावांना आठवेना. त्यांना एकदम लहान मुलासारखं रडू यायला लागलं. त्यांनी खाली न बघता समोर बघितलं.

“माझ्या मुलालाही नाही येत,” आई म्हणाली. “साऱ्या जगाला शिकवलं, घरचा कोरडा राहिला. दिव्याखाली अंधार.”

“येतो का तो भेटायला?”

“राहतो इथेच. पण कॉलेजातून उशिरा येतो हो. तोवर माझा डोळा लागतो. भेटच होत नाही.” मग तिने विचारलं, “तुम्हाला आई आहे?”

“आहे.”

“जाता ना तिच्याकडे?”

“रोज जातो.”

“गुणाचे आहात. काय म्हणते ती?”

खटपटेराव पडलेला स्क्रू शोधायला टेबलाखाली गेले. तो त्यांना बराच वेळ सापडला नाही.

दुरुस्ती शेवटी झाली. मदतीच्या पानावरच्या त्याच भल्या माणसाने सुचवलं की मोबाईल तारेने कॉम्प्युटरला जोडा, मोबाईलचं इंटरनेट आत जाईल. गेलं. ड्रायव्हर उतरले, स्क्रीन उजळला. खटपटेरावांनी विजयी मुद्रेने डाव उघडला, तर अपडेटने तोही बदललेला! हिरव्या पटाचा निळा झालेला, पत्ते चकचकीत, राजाला दाढीच नाही.

“हे माझे पत्ते नव्हेत,” आई म्हणाली आणि हात मागे घेतला.

मग डावाची जुनी आवृत्ती हुडकून काढली, नवी उपटली, जुनी बसवली, आणि हिला पुन्हा कधीही हात लावू नये असा सिस्टिमला हुकूम दिला. (असा हुकूम खटपटेरावांनाही देता आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.) हिरवा पट आला. आई सुखावली. लाल नव्वी काळ्या दश्शीवर गेली.

“झालं ना तुमचं? या मग आता,” ती पाठमोरीच म्हणाली. “जाताना दार ओढून घ्या.”

खटपटेराव स्वतःच्या घराबाहेर पडले, दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभे राहिले. मग उगाच चौकापर्यंत जाऊन पाव घेऊन आले. आत शिरताना आईने त्यांच्याकडे बघितलं, सभ्यपणे मान हलवली आणि तोंड फिरवलं. मेकॅनिक गेला होता, आणि त्याच्याबरोबर त्यांची आईही गेली होती. तो आठवडा त्यांनी फार वाईट काढला. ऑफिसात एका टपालावर आवक आणि जावक दोन्ही शिक्के मारले.

पुढच्या रविवारी आईचा डाव संपला, ती चहाला उठली, आणि ती परत येईतो स्क्रीन काळा झालेला होता.

“अहो,” बायकोने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. “स्क्रीनची तार तुम्ही काढलीत ना?”

खटपटेरावांनी बेसिनकडे बघितलं.

“त्या बिचारीचा खेळ बंद पाडून?”

“खेळून झाल्यावरच काढली. लगेच लावणार आहे.” मग त्यांनी नळ उगाच घट्ट केला. “माझ्याशी बोलते गं ती. तासभर बोलते.”

 बायकोने पदर डोळ्यांना लावला की कपाळाला, ते कळलं नाही. मग म्हणाली, “मागून ओढा निदान. पुढून लोंबताना दिसतेय.”

तेव्हापासून दर रविवारी कॉम्प्युटर बिघडू लागला. कधी आवाज जाई, कधी माऊस, कधी घड्याळ मागे पडे. खटपटेराव पिशवी घेऊन बाहेर जात, घंटी वाजवत आणि मेकॅनिक होऊन आत येत. “घ्या, मेकॅनिक,” म्हणून बायको चहा आणून देई. आई शेजारी बसून त्यांची बोटं सरळ करी, आपल्या कॉलेजातल्या मुलाच्या काळज्या सांगे. खटपटेराव आता आठ बोटांनी टाइप करू लागले होते. ऑफिसात लोक उठून बघायला येत. पण कधी कधी आई तीच गोष्ट दोनदा सांगे, कधी शब्द न सापडून मधेच थांबे, आणि मग खटपटेरावांना कळे की हा मेकॅनिकही एक दिवस तिला ओळखू येणार नाही. त्या दिवशी ते चहा तसाच ठेवून देत.

अशाच एका रविवारी ते टेबलामागे तार धरून बसले असताना आईने सुनेला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. क्लास चालवलेल्या बाईचा हळू आवाज तो. जिन्यापर्यंत गेला.

“अगं, ह्या माणसाला काही म्हणजे काही येत नाही.”

“असं का म्हणता आई?”

“बिघाड कुठलाही असो, तीच तार काढतो, तीच लावतो. मी बघते ना! वेडी नाहीये मी.”

खटपटेरावांच्या हातातली तार हातातच राहिली.

“मग,” सुनेने विचारलं, “दुसरा मेकॅनिक बघू का?”

आई विचार करत होती. टेबलामागे खटपटेरावांनी कान टवकारले. बदलीची यादी वाचली गेली तेव्हाही त्यांनी इतके कान दिले नव्हते.

“नको,” आई म्हणाली. “येऊ दे ह्यालाच. बिचाऱ्याला आपल्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक दिसत नाही. जाईल कुठे?”

“बरं, आई.”

“आणि चहात साखर कमी घालत जा त्याच्या. पोट बघितलंस का मेल्याचं?”