कासमभाईंचा लेफ्टी

कासमभाई कुणालाही दोनच चुका माफ करत. पहिल्या चुकीला एक बोट वर, दुसरीला दोन, आणि तिसरी झाली की अंगठा खांद्यामागे फेकून, "औट! खलास!" डाळ तिसऱ्यांदा खारट झाली म्हणून त्यांनी मला माझ्याच स्टोव्हवरून औट केलं होतं.

ही साठच्या दशकातल्या दुबईची गोष्ट. तिथल्या देरा भागात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. तेल शोधायला आलेल्या एका अमेरिकन कंपनीत मी कारकून, ते ट्रक ड्रायव्हर. मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांच्या फोरमन साहेबाने त्यांना अमेरिकेतल्या एका डावखुऱ्या बेसबॉलपटूच्या गोष्टी सांगितल्या आणि माझ्या मागे साडेसाती लागली. कासमभाईंनी त्याचं नाव ठेवलं लेफ्टी. तिसऱ्या चुकीला औट, हा कायदाही त्यांनी बेसबॉलमधूनच उचललेला. बेसबॉलची मॅच त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण लेफ्टी पंचाशी हुज्जत घालत नाही, लेफ्टी दारूला शिवत नाही, लेफ्टी अंगात ताप असला तरी खेळतो, हे मला रोज ऐकावं लागे.

"देसाय, लेफ्टी असा लोळत पडला असता काय रे?"

"कासमभाई, आज जुम्मा आहे. सुट्टी आहे!"

"लेफ्टीला सुट्टी नसते. यल्ला, ऊठ."

पुढे त्यांनी सगळी कामं डाव्या हाताने करायला घेतली. खिळा ठोकताना हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली. दाढी करताना स्वतःचा कान कापून घेतला. जेवताना मात्र उजवा हात. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "डाव्या हाताने जेवलो तर अब्बा रत्नागिरीवरून पोहत येतील मारायला."

एकदा बोटीने त्यांच्या गावचा माणूस आला तो निरोप घेऊनच. अब्बा पंधरवड्यापूर्वी गेले होते. माती देऊनही झाली होती. कासमभाई मशिदीत जाऊन आले, आणि आडवे झाले.

सकाळी बघतो तर स्वारी कामाला निघालेली.

माझं डोकंच फिरलं. "अहो, बाप गेलाय तुमचा! आज तरी बसा घरी. साहेबाला मी सांगतो."

"लेफ्टीचा बाप गेला त्या दिवशी पण तो खेळला होता. साहेबानेच सांगितलंय."

"खड्ड्यात गेला तुमचा लेफ्टी!"

त्यांनी शांतपणे एक बोट वर केलं आणि निघून गेले.

संध्याकाळी ते खोलीवर आलेच नाहीत. ट्रक यार्डात लावलेला होता. शोधत शोधत खाडीवर गेलो, तर धक्क्याच्या कडेला एकटेच बसलेले. मी चरफडत शेजारी टेकलो. पाण्याकडे बघत ते म्हणाले,

"देसाय, साहेबाने मॅचचं सगळं सांगितलं रे. मॅच संपल्यावर लेफ्टीने काय केलं, ते सांगितलंच नाही."

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"रडला," मी म्हणालो. "पोटभर रडला."

"तुला कोणी सांगितलं?"

"पेपरात आलं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पेपरात?"

"पहिल्या पानावर."

कासमभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, तोंडावर दाबून धरली, आणि त्यांचे खांदे गदगदून हलायला लागले.