काटजाईला पावली चालेना

एका जंगलात रुपये चालत होते. हसू नका बाळांनो. तुमच्या शहरात माणसं एकमेकांवर गुरगुरतात ते चालतं, मग जंगलात रुपया चालला तर काय बिघडलं? रुपया होता, आणि रुपयाचा चौथा भाग म्हणजे पावली होती. पावली अगदी एवढीशी. वाटेत पडलेली दिसली तरी कोणी वाकून उचलत नसे. जंगलात वाकलेल्याच्या पाठीवर कोण उडी मारेल याचा नेम नसतो.

त्या जंगलात साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर लांब काटे असलेलं. माहीत नसेल तर आईच्या मोबाइलवर बघा, पण गोष्ट संपल्यावर. साळूला एक मुलगी होती. तिचं नाव सुई. नाव सुई, पण अंगावर एक काटा नाही. शेजारची सशीण म्हणायची, "अगंबाई, आमच्यावर गेली की काय!" साळू वरवर हसायची आणि बिळात जाऊन रडायची. काट्यांविना साळिंदर म्हणजे कोल्ह्याची न्याहारी, हे तिला सांगायला कोणी नको होतं.

म्हणून तिनं काटजाईला नवस केला. काटजाई म्हणजे बाभळीखालचा शेंदूर फासलेला धोंडा. "आई, माझ्या पोरीला काटे येऊ देत. मी तुला सव्वा रुपया वाहीन."

नवस बोलला की पैसे त्याच दिवशी बाजूला काढायचे, अशी त्या जंगलाची रीत. साळूनं एक रुपया आणि वर एक पावली पळसाच्या पानात बांधली आणि पुडी बिळाच्या छताला टांगली. त्या दिवसापासून ते पैसे तिचे नव्हते, देवीचे होते. मध्ये एकदा घरात खायला कंद नव्हता, तरी तिनं पुडीला हात लावला नाही.

पावसाळा सरता सरता सुईच्या पाठीवर काटे आले. मऊ होते, पण काटे होते. साळूनं चाटून पाहिले, ते जिभेला टोचले, आणि तिला इतका आनंद झाला की ती जीभ बाहेर काढूनच शेजारणींना सांगत सुटली. सुई म्हणाली, "आता मी एकटी बाहेर जाऊ?"

"नवस फेडू दे आधी. त्याशिवाय काटे पक्के होत नाहीत."

आणि नेमकी तेव्हाच पावली बंद झाली.

झालं असं, की सिंहमहाराज दरबारात येत असताना एक पावली त्यांच्या पंजाच्या गादीत रुतली. महाराज भर दरबारात लंगडले. कोणी हसलं नाही. पण न हसताना सगळ्यांचे चेहरे कसे झाले, ते महाराजांनी पाहिलं. दुपारी टिटवीनं दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! जंगलाच्या प्रगतीचा वेग वाढावा म्हणून आजपासून पावली बंद!"

साळू पुडी घेऊन धावत काटजाईकडे गेली. तिथं बगळोबा पुजारी एका पायावर ध्यान लावून उभा होता. त्यानं एक डोळा उघडला.

"पावली? छे छे. बंद नाणं देवीपुढं ठेवायचं म्हणजे देवीचा अपमान. दोन रुपये कर."

"पण मी सव्वाच बोलले होते."

"हरकत नाही. वरचा पाऊण रुपया तुझ्या पुढच्या नवसात जमा धरू."

साळूकडे दुसरा रुपयाच नव्हता. ती आल्या पावली परत गेली. बाळांनो, आल्या पावली परत जाणं म्हणजे लगेच माघारी फिरणं. पण ही खरोखरच पावली घेऊन आली होती आणि पावली घेऊनच परत गेली.

मग तिनं ठरवलं, रोजच्या खर्चातून थोडंथोडं वाचवायचं. ती हुप्पाशेट वानराच्या दुकानात गेली. कंदांचा भाव पाऊण रुपया. तिनं मजुरीतला रुपया दिला. हुप्पाशेटनं कंद दिले आणि उरलेल्या पावलीच्या जागी तिच्या हातावर एक चिंचोका ठेवला.

"हे काय, शेट?"

"सुटे नाहीत, साळूबाई. पावली बंद झाली ना. चिंचोका घ्या."

"मग उद्या मी चिंचोका दिला तर घ्याल?"

"वा! दुकान आहे हे. चिंचोक्यांचा डाव मांडायची जागा नाही."

झालं. रुपया जायचा, चिंचोका यायचा. सगळ्या जनावरांचं असंच चाललं होतं. बाकीचे चिंचोके दुकानाबाहेरच फेकून द्यायचे. साळूला मात्र ते टाकवेनात. शेवटी पैसे मोजून आणलेले! ती ते एका सुक्या भोपळ्यात टाकत गेली. भोपळा भरत होता आणि दुसरा रुपया काही साठत नव्हता. सुई बिळाच्या तोंडाशी बसून बाहेर खेळणाऱ्या पिल्लांकडे बघत राहायची, आणि साळूला तिच्याकडे बघवत नसे.

इकडे बांबूच्या बेटाखाली घुशेराव राहायचे. घुशेरावांना जुन्या वस्तू जमवायचा नाद. त्यांनी बिळावर पाटी लावली: "दुर्मिळ पावल्या योग्य भावात घेतल्या जातील." काल वाटेत पडलेली पावली आज दुर्मिळ झाली होती. मग काय विचारता! खारींनी आपापली घरं उकरली. हत्तीनं सोंडेनं नाला उपसला. ज्यांनी आयुष्यात कधी पावलीसाठी मान वाकवली नव्हती, ते आता चारी पायांवर असूनही आणखी वाकून चालू लागले. पावलीचा भाव पाच रुपये झाला, मग दहा.

एक दिवस घुशेराव स्वतः साळूकडे आले. पुडीतली पावली त्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"साळूबाई, हिच्यावर महाराजांची आयाळ उलट्या बाजूला छापली गेलीय! टांकसाळीची चूक. अशी दुसरी नाही. पन्नास रुपये देतो."

पन्नास रुपये! साळूनं आयुष्यात पन्नास कंद एकत्र पाहिले नव्हते. तिनं पावली त्यांच्या हातून काढून पुन्हा पुडीत बांधली. मग म्हणाली, "ती देवीची आहे."

"अहो, पण देवीला ती नकोय ना?"

"देवी कुठं नको म्हणाली? बगळोबा म्हणाला."

पन्नासाचा आकडा बगळोबाच्या कानावर गेला आणि त्यानं दुसरा पाय जमिनीवर टेकला. तो धावतच आला. "साळूबाई, देवीनं दृष्टांत दिला! पावली चालेल! फक्त पावलीच दे. रुपया राहू दे, तो काय सगळ्यांकडेच असतो."

त्यानं पावली देवीपुढं ठेवली, घंटा वाजवली, आणि घंटेचा आवाज विरायच्या आत ती घुशेरावांच्या डब्यात होती. साळूच्या हातात रुपया तसाच राहिला. बोलली होती सव्वा, आणि देवीपर्यंत काहीच पोहोचलं नव्हतं. देवी पावली की नाही कुणास ठाऊक, बगळोबाला मात्र पावली पावली.

"आता जाऊ बाहेर?" सुईनं विचारलं.

"नाही गं बाई," साळू म्हणाली.

ही पन्नास रुपयांची बातमी राजवाड्यात पोहोचली. महाराज खूश झाले. "पावली बंद केली तर ती पन्नासची झाली! मग रुपया बंद केला तर तो दोनशेचा होईल. सगळी प्रजा श्रीमंत!"

अस्वल प्रधानांनी डोकं खाजवलं. "दोनशे काय, महाराज?"

"दोनशे रुपयांचा!"

"पण रुपये तर आपण बंद..."

"प्रधानजी, तुम्हाला प्रगती बघवत नाही," महाराज म्हणाले, आणि टिटवीला बोलावणं गेलं.

रुपया बंद झाला. सगळ्यांनी आपापले रुपये पुरून ठेवले आणि भाव चढायची वाट पाहू लागले. बगळोबा तर आपल्या पन्नास रुपयांवर अंडी उबवावीत तसा बसून राहिला. विकायला सगळे तयार होते, पण घेणारा कशानं घेणार? हुप्पाशेटच्या दुकानात कंद सडू लागले. शेवटी त्याला आठवलं, की आपणच जंगलभर चिंचोके वाटलेत. तो फांदीवर चढून ओरडला, "चिंचोके आणा! चिंचोके चालतील!"

पण चिंचोके होते कोणाकडे? सगळ्यांनी ते फेकून दिले होते. फक्त साळूच्या घरी भोपळाभर चिंचोके होते.

साळू दुकानात गेली. हुप्पाशेटनं तिला बसायला पाट दिला. इतकी वर्षं तो पाट दुकानात होता हेच तिला माहीत नव्हतं. तिनं कंद घेतले. हिशेब झाला अडीच चिंचोके. तिनं तीन दिले. हुप्पाशेटनं गल्ल्यात हात घातला.

"अर्धा चिंचोका कुठून आणू, साळूबाई? सुटे नाहीत. त्याच्या बदल्यात पावली घ्या. काल घुशेराव डबाभर पावल्या ओतून चार कंद घेऊन गेले. उपाशी होते बिचारे."

साळूनं हातावरची पावली पाहिली. महाराजांची आयाळ उलट्या बाजूला होती.

ती कंद तिथंच टाकून घरी पळाली. तिनं रुपया घेतला, सुईला घेतलं आणि बाभळीखाली गेली. तिथं पुजारी नव्हता, रांग नव्हती. धोंड्यावर वाळकी पानं पडली होती. ती तिनं झाडली. रुपया ठेवला आणि रुपयावर पावली ठेवली.

"आई, दोन्ही बंद आहेत," ती म्हणाली. "पण मी बोलले तेव्हा चालत होती."

मग ती सुईला म्हणाली, "जा."

सुई काटे खळखळ वाजवत झाडीत शिरली. दुसऱ्या दिवशी कोल्हा नाकाला ओला चिखल लावून फिरताना दिसला. कोणी विचारलं तर म्हणे, सर्दी झालीय.

तात्पर्य: बाळांनो, पैसा जपून काय होणार, कचरा जपावा. दुकानदारानं सुट्ट्याऐवजी चॉकलेट दिलं तर ते मुळीच खाऊ नका. पुढेमागे त्याच्यावर महाराजांचं डोकं छापलं जाईल, आणि मग तुमच्यासाठीही पाट निघेल.