निरोगी जंगलातला रक्ताचा थेंब

एका जंगलात, मुलांनो, कोणीच आजारी नव्हतं. म्हणजे प्राणी खोकत होते, लंगडत होते, अधूनमधून मरतही होते; पण आजारी कोणी नव्हतं. प्रधान अस्वलानं तसं वाघमहाराजांना लिहून दिलं होतं.

त्या जंगलात तानी नावाची एक नीलगाय राहायची. तिचं पहिलं पाडस जन्मून तिसऱ्याच दिवशी गेलं. ते उभं राहिलं नाही, त्यानं आचळाला तोंड लावलं नाही. तानी त्याला चाटत राहिली. चौथ्या दिवशीही चाटत होती. मग कळपानं तिला बाजूला केलं.

सासूनं कारण शोधून काढलं. "हिनं ग्रहणात गवत तोडलं," ती म्हणाली. कारण सापडल्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं. तानीला वाटलं नाही. पण तिला कोणी विचारलंही नाही.

वर्षभरानं तानी पुन्हा गाभण राहिली.

पाणवठ्यापाशी साळूबाई नावाची एक साळिंदर बसायची. ती सुईण होती. गाभण माद्यांच्या कानाला ती आपला काटा टोचायची, रक्ताचा एक थेंब शिंपल्यात घ्यायची आणि त्यावर एका पाल्याचा रस पिळायची. थेंब पातळ राहिला तर उत्तम. गुठळ्या झाल्या तर रक्तात रोग.

"आईला काहीच जाणवत नाही," साळूबाई सगळ्यांना सांगायची. "ती खाते, पिते, उड्या मारते. रोग धरतो पोटातल्या पोराला. वेळेत कळलं तर झाडाची कडू साल खाल्ली की जातो. बस, एवढंच."

एवढं सोपं असूनही फारशी कोणी जात नसे. जी जाई तिच्याविषयी कळप विचार करू लागे. आणि कळपाला विचार करायची सवय नसल्यामुळे तो भलताच विचार करी.

त्यातच जंगलाला 'निरोगी वन' अशी पाटी मिळायची वेळ आली. अस्वल साळूबाईकडे आलं.

"बाई, रोगी कधी सापडतात?"

"तपासल्यावर."

"आणि न तपासल्यावर?"

"नाही सापडत."

"मग रोगाचं मूळ कशात आहे, ते तुम्हीच सांगितलंत," अस्वल म्हणालं. त्यानं साळूबाईची बदली खडकाळ टेकडीवर केली. तिथं गवताची काडी उगवत नव्हती. त्यामुळे तिथं जायचं कोणाला कारणही नव्हतं.

तानी मात्र गेली. दुपारी कळप रवंथ करत डोळे मिटून बसला होता, तेव्हा ती पोट सांभाळत, धापा टाकत टेकडी चढली.

"टोचा," ती म्हणाली आणि तिनं कान पुढं केला.

साळूबाईनं टोचलं. शिंपल्यात बघता बघता गुठळ्या झाल्या.

"आहे," साळूबाई म्हणाली. "पण वेळेत आलीस."

"माझं पहिलं पाडस... तेही यानंच गेलं?"

"बहुतेक यानंच."

"ग्रहणानं नाही?"

"नाही गं बाई."

तानी खूप रडली. मग तिनं डोळे पुसले आणि साल मागितली.

"ही तुझी," साळूबाईनं दोन जुड्या पुढं ठेवल्या. "आणि ही तुझ्या नवऱ्याची. त्यानं खाल्ली नाही तर तुला पुन्हा होईल."

खरी टेकडी, मुलांनो, ही होती. तानीचा नवरा रंगराव हा कळपातला सर्वांत रुबाबदार नर होता. त्याच्या घराण्यात कोणाला कधी काहीही झालेलं नव्हतं.

"कुठून आणलास हा रोग?" तो शिंगं रोखून म्हणाला.

"अहो, आजची टेकडी सोडली तर मी या कळपाबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही," तानी म्हणाली. ती जागची हलली नाही. "तुम्ही दर उन्हाळ्यात पलीकडच्या रानात चरायला जाता. मी आजवर विचारलं नाही. आजही विचारत नाही. साल तेवढी खा."

रंगरावानं बराच वेळ क्षितिजाकडं पाहिलं. क्षितिजानं त्याला काही मदत केली नाही.

"फार कडू असते का?" त्यानं विचारलं.

"फार."

त्यानं खाल्ली. कळपाला सांगितलं, पित्तासाठी आहे.

यथाकाल तानी व्याली. पाडस धडपडलं, पडलं, पुन्हा उठलं आणि नेमकं आचळाशी गेलं. तानीनं पहिला दिवस मोजला. दुसरा मोजला. तिसऱ्या दिवशी तिनं डोळ्याला डोळा लागू दिला नाही. चौथ्या दिवशी पाडस तिच्या अंगावरून उडी मारून पळालं, तेव्हा ती झोपली.

मग मोठा समारंभ झाला. सासू म्हणाली, "या खेपेला ग्रहणात मी हिला हलू दिलं नाही." रंगराव म्हणाला, "आमचं रक्तच तसं आहे." अस्वल म्हणालं, "तपासणी बंद केली आणि पाडस ठणठणीत निपजलं, हा योगायोग नव्हे." वाघमहाराजांनी 'निरोगी वन' ही पाटी वडाला टांगली आणि तानीला दोन शब्द बोलायला सांगितलं.

तानी उभी राहिली. "माझ्या रक्तात रोग होता," ती म्हणाली. "मी साळूबाईंकडून तपासून घेतलं. आम्ही दोघांनी साल खाल्ली. म्हणून हे जगलं. पहिल्याच्या वेळी मला माहीत नव्हतं."

रंगराव क्षितिज शोधू लागला.

"तानीबाई दमल्या आहेत," अस्वल म्हणालं. सभेच्या इतिवृत्तात 'तानीबाईंनी सर्वांचे आभार मानले' अशी नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र दोन चितळी, एक सांबरी आणि खुद्द अस्वलाची सून, अशा चौघी गाभणींना एकाएकी खडकाळ टेकडीवर चरायला जावंसं वाटलं.

तात्पर्य : रक्ताचा थेंब कधीही तपासायला देऊ नये. दिल्यास पाडस जगते, आणि श्रेय सासूला जाते.