दोन काचांचा पंचनामा

गुरुवारी सकाळी, लोक दूध आणायला बाहेर पडतात त्या वेळी, एका रंगाऱ्याने एकाच गल्लीतल्या दोन प्रार्थनाघरांवर एकेक दगड मारला. दोन्हीकडची एकेक काच फुटली. दगड सारखेच होते. काचाही एकाच कारागिराने बसवलेल्या होत्या. पुढचं सगळं मात्र निरनिराळं झालं.

पहिलं प्रार्थनाघर शहरात ज्यांची संख्या जास्त, त्यांचं. त्याचे विश्वस्त औषधांचं दुकान चालवत. दुसरं ज्यांची संख्या थोडी, त्यांचं. त्याचे विश्वस्त शिंपीकाम करत. दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून. औषधवाले शेठ रोज दुकान उघडण्याआधी शिंपीमास्तरांच्या आईला साखरेच्या आजाराचं इंजेक्शन देत, आणि मास्तर शेठच्या पोटाचा विचार करून दरवर्षी त्यांच्या विजारी सैल करून देत. पोलीस चौकीवरही दोघे बरोबरच गेले.

रंगारी तिथे बाकावर बसलेला होता. तो पळाला नव्हता. ‘‘बायको वारल्यापासून माझं देवाशी वाकडं आहे,’’ त्याने फौजदारसाहेबांना सांगितलं. ‘‘तिला कोणत्या देवाने नेलं ते काही कळलं नाही. म्हणून दोघांनाही मारला. उगीच एकावर अन्याय नको.’’

दोन्ही धर्मांना समान वागणूक देणारा मनुष्य चौकीत प्रथमच आला होता, आणि तो आरोपी होता.

फौजदारसाहेब मास्तरांकडे वळले. ‘‘मास्तर, तुमचं प्रकरण गंभीर आहे. भावना दुखावल्या आहेत. वर कळवावं लागेल.’’ मग ते शेठना म्हणाले, ‘‘तुमची काच फुटली आहे.’’

‘‘आणि भावना?’’ शेठनी विचारलं.

‘‘तुम्ही संख्येने एवढे. एका दगडाला तेवढ्यांनी भागलं तर खरचटल्याइतकंसुद्धा वाट्याला येत नाही.’’

संध्याकाळी मास्तरांच्या काचेसमोर विचारवंत जमले. निषेधाचे ठराव झाले. शेठही शेजारधर्म म्हणून गेले, तर एका बाईंनी त्यांना, इथे यायला तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, असं विचारलं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मास्तरांची काच पहिल्या पानावर होती. शेठ आपल्या काचेचा तुकडा रुमालात बांधून संपादकांकडे गेले.

‘‘तुमची बातमी छापली तर तेढ वाढेल,’’ संपादक म्हणाले.

‘‘मास्तरांची छापली तेव्हा काय वाढलं?’’

‘‘जागृती.’’

शेठ जिना उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदाच काहीतरी दुखत असल्यासारखं वाटलं. नेमकं त्याच वेळी खाली एक पुढारी भेटले. ते ऐकून घेणारे गृहस्थ होते. ‘‘फौजदाराने तुमच्या भावनेचा भागाकार केला ना?’’ ते म्हणाले. ‘‘आपण गुणाकार करू.’’

गुणाकार रविवारी झाला. शेठची काच मखमली उशीवर ठेवून मिरवणूक निघाली. शहरातल्या दुसऱ्या वर्तमानपत्राने चार पानं काढली. त्यात मास्तरांच्या काचेचा उल्लेख नव्हता, कारण त्या वाचकांना ती दिसत नसे. मिरवणूक शिंप्याच्या दुकानावरून गेली तेव्हा दुकानाचं कपाट फुटलं, आणि कापलेले कपडे रस्त्यावर आले. त्यात शेठची नवी विजारही होती.

मास्तर पुन्हा चौकीवर गेले.

‘‘उत्साहाच्या भरात झालं असेल,’’ फौजदारसाहेब म्हणाले.

‘‘साहेब, गुरुवारी तुम्हीच म्हणालात, भावना दुखावल्या.’’

‘‘तेव्हा तुमच्या चालू होत्या. सध्या त्यांच्या चालू आहेत.’’

विचारवंतांना निरोप धाडला, पण ते दुसऱ्या शहरातल्या काचेकडे गेले होते.

सोमवारी शेठ इंजेक्शन द्यायला आले नाहीत. मास्तरांनी स्वतःच सुई उचलली. आयुष्यभर सुई धरलेला माणूस, पण ही सुई निराळी होती. दोनदा टोचूनही नीट जमलं नाही. म्हातारी म्हणाली, ‘‘काच फुटली तिकडे, आणि माझ्या दंडाची का चाळण करतोस? त्याला हाक मार ना.’’

‘‘तो यायचा नाही, आई.’’

‘‘तू मारलीस का हाक?’’

मास्तरांनी तिचा दंड पुसला. भिंतीपलीकडे शेठ घड्याळाकडे बघत बसले होते. आपण गेलो तर मास्तर काय म्हणतील, याची त्यांना भीती नव्हती. पुढारी काय म्हणतील, याची होती.

खटला उभा राहिला तेव्हा दोघांच्या वकिलांनी त्यांना एकच सल्ला दिला. शेठनी शपथेवर सांगितलं की मास्तरांच्या लोकांनी सहानुभूतीसाठी स्वतःची काच स्वतःच फोडली. मास्तरांनी शपथेवर तेच शेठबद्दल सांगितलं. न्यायाधीशांनी दोन्ही साक्षी काळजीपूर्वक ग्राह्य धरल्या. पहिल्या साक्षीनुसार रंगाऱ्याने तिकडे दगड मारला नव्हता, दुसऱ्या साक्षीनुसार इकडे मारला नव्हता. कबुली देणारा रंगारी निर्दोष सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर दोन्ही जमाव उभे होते. दोन्ही संपादक होते. कोणी चिडायचं आणि कोणी हळहळायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं, म्हणून सगळ्यांनी मिळून विचारलं, ‘‘तू आहेस कोणाचा?’’

‘‘ती आजारी होती तेव्हा मी दोन्हीकडे जायचो,’’ रंगारी म्हणाला. ‘‘तिला बरं कर म्हणायला. तेव्हा कुणी विचारलं नाही.’’

तो गर्दीतून निघून गेला, नाव न सांगता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दोन्ही वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली नाही.

वाचकांची निराशा आम्ही समजू शकतो. दोन्ही प्रार्थनाघरं नेमकी कोणाची, हे आम्हीही कुठे लिहिलेलं नाही. पण तुम्ही दुसऱ्याच परिच्छेदात त्यांना नावं देऊन टाकली होती, आणि तेव्हापासून कुठे हसायचं ते त्या नावांवरूनच ठरवत आलात.